हाड खणतं कोण, भरतं कोण?

राणीसावरगावला रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या बायकांत एखादी आजी हमखास दिसते. पाठीत वाकलेली, नजर पायांशी. "वय झालं, दुसरं काय," असं तीच सांगते. पण पाठ नुसत्या वयानं वाकत नाही. पुष्कळदा आत एखादा मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला असतो. म्हणजे तो मोडलेलाच असतो! कधीतरी घागर उचलताना 'चमक भरली', तेल चोळलं, आणि ते तिथंच राहिलं.

हाड जिवंत असतं, हेच आपण विसरतो. त्यातल्या काही पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात. जठरात असतं तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. असा एक सूक्ष्म खड्डा पडायला दोन-तीन आठवडे पुरतात. तो भरायला मागून येणाऱ्या पेशींना मात्र तीन-चार महिने लागतात. असं करत वर्षाला सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, खणणाऱ्यांवरचा लगाम सुटतो आणि भरणाऱ्या मागे पडतात. हाड पोकळ होत जातं, दुखत मात्र काहीच नाही.

मला थक्क करते ती पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या गरोदर बायकांच्या खाण्याच्या नोंदी ठेवल्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडं मोजली. ज्या आयांच्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं वरचेवर होती, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भरीव निघाली. हाडाची पुंजी आईच्या पोटातच जमू लागते!

म्हणून सत्तरीत हात टेकायचे असं नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम 30, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, सालासकट तिळात हजारावर. तेव्हा आपल्या भाकरीशेजारी तिळाची चटणी आणि वाटीभर दही हवंच. ऊन हवं, चालणं हवं, रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा हवा.

डॉक्टरांनी ॲलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी दिली, तर ती हाडाला चिकटते. खणणारी पेशी हाडाबरोबर तीही गिळते आणि थंडावते. गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते.

आणि आजीला भिंतीशी उभं करून उंचीची खूण करून ठेवा. पुढं ती दोन सेंटिमीटरनं खाली आली, तर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगा.