एका अश्मीभूत शंखाचे नामकरण

उल्हासनगरचा रहिवासी आपला पत्ता ‘कॅम्प ४’ असा सांगतो तेव्हा तेथे आज छावणी आहे असे त्याला म्हणावयाचे नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, क्रमांक राहिले. नाव ज्या कारणाने पडले ते कारण संपल्यावरही ते पत्ता म्हणून काम करीत राहते, हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. शास्त्रीय नामकरणात हा व्यवहार इतका सरळ नसतो, कारण तेथे नाव एकाच वेळी पत्ताही असते आणि दावाही असतो. या दोहोंमधील ताण समजून घेण्यास महाराष्ट्रातल्या एका अश्मीभूत शंखाची हकीकत फार उपयोगी पडते.

उल्हास खोऱ्यात पायाचे खोदकाम केले की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पत्थर. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर याच पत्थराचे आहे. हा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात शंख सापडण्याची अपेक्षा कोणी करीत नाही, आणि एखाद्याला कॅम्प ४ मध्ये खोदताना शंख सापडलाच तर तो खाडीच्या रेतीबरोबर किंवा भरावातून आला असावा, हाच तर्क प्रथम करावयास हवा. परंतु दख्खनच्या पठारावरील लाव्हा एका दमात वाहिलेला नाही. एक थर थिजून पुढचा येईपर्यंत कित्येक ठिकाणी पुष्कळ काळ लोटला. दरम्यान त्यावर माती झाली, झाडे वाढली, पाणी साचून तळी झाली आणि त्या तळ्यांत गोड्या पाण्यातले शंखशिंपले नांदले. पुढच्या लाव्ह्याने ही तळी गाडली गेली. त्यांतला गाळ आणि शंख कित्येक ठिकाणी सिलिकामुळे गारगोटीसारखे कठीण झाले. भूशास्त्रज्ञ अशा थरांना ट्रॅपांतर्गत थर म्हणतात.

या थरांतील शंखांकडे प्रथम लक्ष गेले ते व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नसलेल्या मंडळींचे. लॅम्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा शल्यवैद्य हेन्री व्हॉयसी याला १८२३ साली गाविलगडच्या डोंगरांत असे शंख मिळाले. दुसऱ्याच वर्षी तो वारला आणि त्याचे टिपण कलकत्त्यात पुढे छापले गेले. त्यानंतर मद्रास लष्करातला वैद्य जॉन ग्रँट माल्कमसन याने गोदावरीच्या उत्तरेस, निर्मळच्या बाजूच्या डोंगरांत बराच मोठा संग्रह केला. शंख कोणत्या खडकातून निघाले हे माल्कमसन जाणत होता. ते कोणत्या प्राण्याचे हे सांगण्यास मात्र जगभरचे शंख हाताळलेला डोळा हवा होता. नमुने लंडनला गेले. तेथे जेम्स डी कार्ल सॉवर्बी याने त्यांचे वर्णन केले आणि १८४० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात त्यांतल्या सर्वांत लक्षवेधी शंखाचे नाव छापले गेले : फायसा प्रिन्सेपी.

या नावाचे दोन भाग निरनिराळी कामे करतात. ‘फायसा’ हे प्रजातीचे नाव. हा शंख युरोपातल्या तळ्यांत आजही आढळणाऱ्या फायसा नावाच्या गोगलगाईंचा सोयरा आहे, असा दावा ते करते. ‘प्रिन्सेपी’ हे जातीचे नाव कसलाच दावा करीत नाही. ते जेम्स प्रिन्सेपच्या सन्मानार्थ आहे. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून प्रिन्सेप भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे, पण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा चिटणीस म्हणून त्याच्या टेबलावर देशभरातून जशी नाणी आणि शिलालेखांचे ठसे येत तसेच जीवाश्मही येत. जबलपूरजवळ सापडलेली, पुढे डायनोसॉरची म्हणून ओळखली गेलेली हाडेही १८३२ साली त्याच्याकडेच पोहोचली होती. १८३७ चा ब्राह्मीचा उलगडा आणि शंखांची ओळख या दोहोंमागे कामाची रीत एकच होती : दूरदूरच्या हौशी संग्राहकांनी पाठविलेले तुकडे एका ठिकाणी शेजारी शेजारी ठेवून पाहणे. प्रिन्सेप १८४० च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये वारला. त्याचे नाव धारण करणारा शंख छापून प्रसिद्ध झाला तो त्याच साली.

सॉवर्बीने या शंखाला फायसा का म्हणावे? मुख्य कारण त्याची वळण्याची दिशा. शंखाचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला असता बहुतेक सर्व जातींत तोंड उजव्या हाताला येते. फायसामध्ये ते डाव्या हाताला येते. वामावर्त, पातळ कवचाचा, गोड्या पाण्यातला शंख म्हटला की शास्त्रज्ञाच्या मनात जी थोडी नावे येतात त्यांत फायसा पहिले.

येथे मराठी वाचकाने थोडे सावध असावयास हवे. आपल्याकडे देवघरात दुर्मीळ व शुभ मानला जातो तो ‘दक्षिणावर्ती’ शंख. शास्त्रज्ञ मात्र याच शंखाला वामावर्त म्हणतात. यात कोणाची चूक नाही. परंपरेत शंखाचा पन्हळीसारखा निमुळता भाग वर धरून बाजू ठरविली जाते, शास्त्रात शेंडा वर धरून. शंख उलटा केला की तोंडाची बाजू बदलते. वेटोळ्याचा पीळ मात्र कसाही धरला तरी तोच राहतो. ‘उजवा’ आणि ‘डावा’ हे शब्द वस्तूचे वर्णन करतात असे आपण समजतो, पण धरण्याची पद्धत ठरलेली असेल तरच ते वर्णन करतात. (बाजारात दक्षिणावर्ती म्हणून विकले जाणारे कित्येक शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरील निराळ्याच जातीचे असतात, ही आणखी एक गंमत.) चित्रांवरही विसंबता येत नाही. ताम्रपटावर कोरलेले चित्र छापताना उलटे होते. रेम्ब्रांटने १६५० साली कोरलेला प्रसिद्ध शंख एवढ्याच कारणाने डावा झाला आहे. म्हणूनच पत्रातल्या वर्णनावर किंवा आकृतीवर काम भागत नसे, प्रत्यक्ष नमुना पेटीत घालून पाठवावा लागे.

माल्कमसनच्या संग्रहाला पुढे जोड मिळाली ती नागपुरात. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली तेथे आला. रॉबर्ट हंटर हा त्याचा सहकारी. नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होते. शहरालगतच्या टाकळी येथे १८५१ च्या सुमारास या दोघांना ट्रॅपांतर्गत थर सापडला आणि त्यांनी ओळखलेल्या पहिल्या जीवाश्मांत हाच डावा शंख होता. माल्कमसनचा लेख उपलब्ध असल्यामुळे त्याची ओळख पटण्यास वेळ लागला नाही. निर्मळ आणि नागपूर या दोन ठिकाणी एकच शंख मिळतो, म्हणजे दोन्ही थर साधारण एकाच काळचे, हा निष्कर्ष एकट्या नमुन्यातून निघाला नसता. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसरावरील लेख १८५५ साली लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात आला. शंखांचे सविस्तर वर्णन हिस्लॉपने १८६० साली केले. त्यात सर वॉल्टर एलियट यांच्याद्वारे मिळालेल्या राजमहेंद्रीकडच्या शंखांचाही समावेश होता. नव्या जातींना त्याने दिलेली नावे पाहिली तर हा सारा गोतावळाच समोर येतो : हंटेरी, माल्कमसोनी, आणि स्थळावरून टाकळीएन्सिस.

हे दोघेही शब्दांचे संग्राहक होते, याचा उल्लेख भूशास्त्राच्या ग्रंथांत सहसा येत नाही. हिस्लॉपने गोंडांची गीते आणि शब्द टिपून ठेवले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. हे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. हंटर मायदेशी परतल्यावर एका सात खंडी ज्ञानकोशात्मक इंग्रजी शब्दकोशाचा संपादक झाला. कोठे मिळाले, कोणाकडून मिळाले, शेजारी काय होते, हे प्रश्न शब्दाला आणि शंखाला सारखेच लागू पडतात. या शिस्तीचे वळण त्यांना कोणत्या छंदातून लागले हे सांगणे मात्र अवघड आहे.

हिस्लॉपने या शंखांवरून ट्रॅपांतर्गत थर तृतीयक कालाच्या आरंभीचे ठरविले. युरोपात मोठ्या आकाराचा फायसा माहीत होता तो फ्रान्समधील रिली येथील, आणि तो तृतीयकच होता. तेव्हा हा निष्कर्ष अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु गोड्या पाण्यातल्या शंखांचे बाह्यरूप फार सावकाश बदलते आणि त्यांचे साम्य काळाविषयी थोडेच सांगते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव या भागात, डायनोसॉरची हाडे ज्या थरांत मिळतात त्यांतही हा शंख मिळाला. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून केलेल्या कालमापनाने दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला आहे. म्हणजे क्रिटेशस काल संपून तृतीयक काल सुरू होतो तो नेमका सांधा. हिस्लॉपचा शंख या सांध्याच्या अलीकडेही आढळतो आणि पलीकडेही.

नावातला दावाही टिकला नाही. डावा पीळ एकट्या फायसाचा नव्हे. आफ्रिकेत विपुल असलेल्या ‘बुलिनस’ गोगलगाईही डाव्याच असतात, आणि त्यांचे कूळ निराळे. जिवंत प्राण्यात जीभ, रक्त, त्वचेची घडी पाहून निवाडा होतो. दगडात त्यांतले काहीच उरत नाही. कलकत्त्याच्या नेल्सन अ‍ॅनंडेलने १९२० च्या दशकाच्या आरंभी आपला शंख बुलिनसांत घातला आणि वाडियांच्या भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातून तीच जोडनोंद विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचली. अलीकडचे संशोधक त्याला ‘प्लॅटिफायसा’ या स्वतंत्र प्रजातीत ठेवतात. म्हणजे पहिला शब्द दोनदा बदलला, दुसरा जसाच्या तसा आहे. याला व्याकरणाचेही कारण आहे. ‘प्रिन्सेपी’ हे लॅटिनमधील षष्ठीचे रूप, ‘प्रिन्सेपचा’ अशा अर्थाचे. प्रजातीच्या नावाचे लिंग बदलले तरी त्याला बदलावे लागत नाही. मुंबईच्या वरळी टेकडीवरील अश्मीभूत बेडकाच्या वाट्याला हे सुख आले नाही. रेल्वेचा इंजिनिअर जॉर्ज क्लार्क याच्या मुंबई बेटावरील लेखाला जोड म्हणून रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘राना पुसिला’ म्हटले. १९३० साली नोबलने त्याला ‘इंडोबॅट्राकस’ या नव्या प्रजातीत नेले तेव्हा प्रजातीचे नाव पुल्लिंगी झाले, आणि ‘लहान’ या अर्थाच्या विशेषणालाही ‘पुसिलस’ व्हावे लागले.

टाकळी आज नागपूर शहरात सामावली आहे. हिस्लॉपने ज्या उघड्या थरांतून शंख वेचले तेथे वस्ती झाली आहे. त्याने पाठविलेले नमुने मात्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, आणि नवा डावा शंख मिळाला की त्याची ओळख त्यांच्याशीच ताडून पाहावी लागते.