भाडेकरू आणि परवानाधारक : महाराष्ट्रातील शहरी भाड्याच्या घरांचे कायदेशीर स्वरूप

प्रस्तावना

शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत येणाऱ्या व्यक्तीची पहिली गरज निवाऱ्याची असते. नव्याने रुजू झालेला अध्यापक, वसतिगृहात प्रवेश न मिळालेला विद्यार्थी, बदली होऊन आलेला कर्मचारी या सर्वांना भाड्याच्या घराचा आश्रय घ्यावा लागतो. अशा व्यक्तीला व्यवहारात 'भाडेकरू' म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती बहुधा भाडेकरू नसते; ती 'परवानाधारक' असते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. घरात किती काळ राहता येईल, मालकाने घर विकल्यास काय होईल, मुदत संपल्यावर कोणते दायित्व येईल, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद कसा निर्माण झाला व त्याचे व्यावहारिक परिणाम कोणते, याचे विवेचन केले आहे.

भाडे नियंत्रणाची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई निर्माण झाली आणि १९१८ मध्ये भाडेवाढीला पायबंद घालणारा कायदा करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर व फाळणीच्या काळात ही टंचाई अधिक तीव्र झाली. त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने भाडे मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी निगडित केले आणि विशिष्ट कारणांशिवाय भाडेकरूला घराबाहेर काढण्यास मनाई केली. त्यामुळे चाळींतील लक्षावधी कुटुंबांना स्थैर्य लाभले, हे मान्य केले पाहिजे.

या संरक्षणाची दुसरी बाजूही होती. इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, परंतु भाडे गोठलेलेच राहिले. भाड्यातून न मिळणारा मोबदला 'पागडी'च्या रूपाने एकरकमी घेण्याची प्रथा रूढ झाली. गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये नमूद केले.

नियंत्रणातून सुटका करून घेण्यासाठी घरमालकांनी घर भाड्याने देण्याऐवजी ते केवळ 'वापरण्यास' देण्याचा मार्ग स्वीकारला. हाच 'लिव्ह अँड लायसन्स' करार होय. १९७३ मध्ये शासनाने कायद्यात दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध परवान्याने राहत असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचा दर्जा दिला. या निर्णयाने त्या वेळच्या रहिवाशांचे हित साधले. परंतु एकदा दिलेले घर परत मिळणार नाही ही धास्ती मालकवर्गात कायम राहिली. घर रिकामे ठेवणे अनेकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्यामागे अनेक कारणे असली, तरी ही धास्ती त्यांपैकी एक मानली जाते.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' ने दोन स्वतंत्र व्यवस्था शेजारी-शेजारी ठेवल्या. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम राहिले. त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकास मिळाली आणि पागडीच्या व्यवहारालाही कायदेशीर मान्यता देण्यात आली. नव्याने घर शोधणाऱ्यांसाठी मात्र परवान्याची वाटच प्रमुख ठरली.

भाडेपट्टा व परवाना यांतील भेद

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ नुसार भाडेपट्ट्याने स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याचा हक्क हस्तांतरित होतो. याउलट, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवाना ही केवळ परवानगी असते. तिच्यामुळे मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. करार भाडेपट्ट्याचा की परवान्याचा, हे केवळ शीर्षकावरून ठरत नाही. पक्षांचा खरा हेतू पाहावा लागतो, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात १९५९ मध्ये मांडले. निवासी परवान्याच्या बाबतीत मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ ने मोठा बदल केला. सक्षम प्राधिकाऱ्यापुढील कार्यवाहीत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो.

या भेदाचे तीन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, मुदत संपताच परवानाधारकाने घराचा ताबा परत करणे बंधनकारक असते. तसे न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि परवानाधारकावर परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईचे दायित्व येते. दुसरा, मालकाने मुदतीत घर विकल्यास सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ नुसार खरेदीदार त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. स्वतःचा दोष नसताना घर सोडावे लागल्यास मोबदला देऊन राहणारा परवानाधारक कलम ६४ अन्वये मूळ मालकाकडून भरपाई मागू शकतो. पण त्या घरातच राहण्याचा आग्रह त्याला धरता येत नाही. तिसरा, जुन्या भाडेकरूच्या पश्चात कुटुंबीयांना भाडेहक्क मिळू शकतो. परवान्याला तसा वारसा नसतो.

नोंदणीचे महत्त्व

परवानाधारकाच्या हाती उरणारे प्रमुख साधन म्हणजे करारपत्र. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नसल्याने 'अकरा महिन्यांचा करार' ही प्रथा देशभर रुजली. महाराष्ट्रात या प्रथेला आता कायदेशीर प्रयोजन उरलेले नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो. केवळ मुद्रांकावर लिहून नोटरीसमोर स्वाक्षऱ्या केल्याने ही अट पूर्ण होत नाही.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती पार न पाडल्यास दोषी मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची तरतूद पुराव्याविषयी आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत घरात राहणाऱ्याचे म्हणणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. अनेक रहिवासी नोंदणीला निरर्थक खर्च समजतात, तर काही मालक ती टाळणे फायद्याचे मानतात. कायद्याचा रोख पाहता दोन्ही समज चुकीचे आहेत.

हा खर्चही फार नाही. परवाना शुल्काची एकूण रक्कम, परत न मिळणारी अनामत असल्यास ती आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. समजा, दरमहा २०,००० रुपये शुल्क व १ लाख रुपये परतावायोग्य अनामत ठरवून २४ महिन्यांचा करार केला. शुल्काचे ४,८०,००० व व्याजाचे २०,००० मिळून ५,००,००० रुपये होतात; त्यावरील मुद्रांक शुल्क १,२५० रुपये येते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये असते.

अनामत रक्कम व पूर्वपडताळणी

वरील गणितात एक विसंगती दडलेली आहे. अनामत रक्कम व्यवहारात बिनव्याजी ठेवली जाते, परंतु मुद्रांक आकारताना शासन त्या रकमेवर व्याज गृहीत धरते. म्हणजे अनामत हाही मोबदल्याचाच एक भाग आहे, हे शासनाने अप्रत्यक्षपणे मान्य केलेले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेसाठी अनामत रकमेची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे. तथापि हा केवळ नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. १९९९ च्या अधिनियमात परवान्याच्या अनामत रकमेला अशी मर्यादा नाही. म्हणून अनामत केव्हा परत मिळेल, रंगरंगोटी व दुरुस्तीपोटी किती कपात होईल आणि मुदतीपूर्वी घर सोडल्यास सूचनेचा कालावधी किती, या बाबी करारातच स्पष्ट असणे आवश्यक आहे.

रक्कम देण्यापूर्वी मालकीची खातरजमा करणेही तितकेच महत्त्वाचे ठरते. खरेदीखताची सूची क्रमांक दोन, गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र व वीजदेयक यांवरील नावे जुळतात का, हे पाहावे. करार करणारी व्यक्ती मालकाचा प्रतिनिधी असल्यास कुलमुखत्यारपत्र तपासावे. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि तिचा उल्लेख करारात यावा. गृहनिर्माण संस्था घर इतरांना वापरण्यास दिल्याबद्दल सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. मूलतः हे देणे सभासदाचे असते. ते राहणाऱ्यावर टाकले जात असल्यास तसा उल्लेख करारात असावा.

समारोप

१९४७ च्या कायद्याने घरात राहणाऱ्याला संरक्षण दिले, परंतु नवागतासाठी घराचे दार अरुंद केले. १९९९ च्या अधिनियमाने ते दार मोकळे केले, परंतु आत येणाऱ्याचे स्थैर्य काढून घेतले. मालकाचा विश्वास आणि रहिवाशाचे स्थैर्य यांचा समतोल साधणे हे धोरणकर्त्यांपुढील आव्हान आजही शिल्लक आहे. तोपर्यंत परवानाधारकाचे संरक्षण मुख्यतः नोंदणीकृत करारातील अटींवरच अवलंबून राहील. दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रथमच अशा करारावर स्वाक्षरी करतात आणि त्यांपैकी अनेकांनी तो वाचलेलाही नसतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांना व नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांना या तरतुदींची माहिती देणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. त्यासाठी एका तासाचे व्याख्यानही पुरेसे ठरेल.