एका संगणकात दोन प्रणाली : हिशेब आधी सांभाळा

व्यापारी बंधूंनो, विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्या संगणकात हिशेबासाठी विंडोज ठेवून शेजारी मोफत लिनक्स बसविता येते.

रेवस बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच सुटते, करंजाची होडीही सुटते. संगणकात कोणती प्रणाली सुरू करायची, हे ठरविणारा ‘बूटलोडर’ असतो. विंडोज आपल्या भागात पुन्हा टाकली की ती स्वतःचाच बूटलोडर पुढे करते. लिनक्स दिसत नाही, पण पुसलेली नसते. घाईने सगळे फॉरमॅट केले तर मात्र खातेवही जाते.

आमचा सल्ला असा : आधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज अगोदर, लिनक्स नंतर बसवा. बिघाड झाल्यास बायोसमधील क्रम तपासा. नाहीतर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘ग्रब’ हा तिचा बूटलोडर पुन्हा बसवा. इन्शाअल्लाह, हिशेब सलामत राहील.