दंतवैद्याची नळी : ओढते कोण, ढकलते कोण?

दंतवैद्याच्या खुर्चीत बसले की एक वाकडी नळी आपल्या ओठाच्या कोपऱ्यात अडकवली जाते आणि तोंडातील लाळ, पाणी सुरसुर करीत नाहीसे होते. 'नळीने पाणी ओढले' असे आपण म्हणतो. पण नळी काहीच ओढत नाही! पंप नळीतील हवा काढून घेतो व तेथील दाब कमी होतो. बाहेर मात्र वातावरणाचा दाब कायम असतो : दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका. तो पाण्याला नळीत ढकलतो.

यासाठी तोंड उघडे हवे. नळीभोवती ओठ घट्ट मिटले, तर तोंडातील हवाही उपसली जाते आणि दाबातील फरक उरत नाही. अशा वेळी नळीचा भाग तोंडापेक्षा उंच असला, तर तिच्यातील द्रव उलटा तोंडात येऊ शकतो. नळीचे टोक प्रत्येक रुग्णासाठी बदलतात; त्यामागची लांब नळी मात्र सर्वांना तीच असते. म्हणून तिची स्वच्छता महत्त्वाची.

प्रत्येक रुग्णानंतर नळीतून स्वच्छ पाणी जाऊ देतात. मधूनमधून हवाही शिरू देतात. त्या खळबळीने भिंतींवरचा थर सुटतो. पाणी कढत नसावे. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तशीच रक्तातील प्रथिनेही गोठून नळीला चिकटतात. दिवसअखेर जंतुनाशक द्रव वापरतात, पण फेस न करणारा. कारण फेस पंपापर्यंत पोहोचला, तर पंप बिघडतो.

पंपाच्या अलीकडे गाळणी असते. ती तुंबली की प्रवाह मंदावतो. म्हणून ती वेळेवर बदलावी लागते. तिच्यात दातात भरलेल्या 'चांदी'चे कण सापडतात. या मिश्रधातूत वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो! म्हणून हा गाळ मोरीत धुऊन टाकत नाहीत, झाकणाच्या डब्यात वेगळा साठवतात. नळीत ब्लीचिंगचे द्रावणही घालत नाहीत; त्याने कणांतील पारा सुटून सांडपाण्यात जातो.

आता एक प्रयोग करा. दोन स्ट्रॉ ओठांत धरा. एकीचे टोक पाण्यात व दुसरीचे बाहेर हवेत ठेवून पाणी प्यायचा प्रयत्न करा. पाणी वर का चढत नाही? उत्तर सापडले, की दंतवैद्य 'तोंड मिटू नका' असे का सांगतात, हेही तुम्हाला उमगेल.