विश्लेषण : छोटी पवनचक्की घेताना ‘किलोवॅट’ पाहावे की वर्षाचे युनिट?

शेतावरचे घर, डोंगरावरची शाळा किंवा वीज न पोहोचलेली वस्ती. अशा ठिकाणी छोटी पवनचक्की बसवायचा विचार सुरू झाला, की माहितीपत्रकातला एक आकडा आधी डोळ्यांत भरतो : ‘१ किलोवॅट’, ‘३ किलोवॅट’, ‘१० किलोवॅट’. दोन कंपन्यांची यंत्रे सारख्याच किलोवॅटची असतील आणि एक स्वस्त असेल, तर ग्राहक साहजिकच स्वस्त यंत्राकडे वळतो. पण विजेचे बिल किलोवॅटवर येत नाही, ते युनिटवर येते. सारख्याच किलोवॅटची दोन यंत्रे वर्षाकाठी दुप्पट-तिप्पट फरकाने वीज देऊ शकतात. म्हणूनच छोट्या पवनचक्क्यांची तुलना नेमकी कशी करायची, हे समजून घेणे गरजेचे आहे.

छोटी पवनचक्की कशाला म्हणतात?

आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ‘आयईसी ६१४००-२’ या मानकानुसार, ज्या पवनचक्कीची पाती फिरताना व्यापतात ते क्षेत्र २०० चौरस मीटरपर्यंत असते, ती छोटी पवनचक्की. म्हणजे पात्यांच्या वर्तुळाचा व्यास साधारण १६ मीटरपर्यंत. मानकाने व्याख्या किलोवॅटवर न करता क्षेत्रफळावर केली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाऱ्यातून किती ऊर्जा हाती लागणार, हे मुख्यतः या क्षेत्रावरच ठरते.

किलोवॅटचा आकडा फसवा का ठरतो?

वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. त्यामुळे ‘हे यंत्र १ किलोवॅटचे आहे’ या वाक्याला वाऱ्याचा वेग सांगितल्याशिवाय अर्थ नाही. एखादी कंपनी हा आकडा सेकंदाला ११ मीटर वेगाला मोजते, तर दुसरी १४ मीटर वेगाला. या दोन वेगांतल्या वाऱ्याच्या शक्तीत दुपटीहून अधिक फरक असतो.

शिवाय असा वारा वाहतो तरी किती वेळ? जिथे वर्षाची सरासरी सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किलोमीटर) आहे, तिथे वाऱ्याच्या वेगाच्या नेहमीच्या विभागणीनुसार ११ मीटरच्या वरचा वारा वर्षाच्या ८,७६० तासांपैकी सुमारे २०० तास मिळतो. १४ मीटरच्या वरचा वारा तर जेमतेम २० तास. म्हणजे १४ मीटरला मोजलेला ‘१ किलोवॅट’ वर्षभरात एका दिवसाहूनही कमी वेळ अनुभवायला मिळेल. उरलेला वेळ यंत्र मंद आणि मध्यम वाऱ्यावरच चालणार. त्या वाऱ्यात ते काय करते, हे किलोवॅटचा आकडा सांगत नाही.

प्रमाणपत्रात काय असते?

हा गोंधळ मिटवण्यासाठी अमेरिकेत पवन ऊर्जा संघटनेने २००९ मध्ये छोट्या पवनचक्क्यांसाठी कामगिरी आणि सुरक्षिततेचे मानक तयार केले. त्यात प्रत्येक यंत्राला एकाच मापाने मोजण्यासाठी तीन आकडे ठरवले गेले.

पहिला आकडा वार्षिक ऊर्जेचा : सरासरी वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर यंत्र वर्षाला किती युनिट वीज देईल. दुसरा शक्तीचा : सेकंदाला ११ मीटर वाऱ्यात किती किलोवॅट मिळतात. तिसरा आवाजाचा : सरासरी ५ मीटर वाऱ्याच्या जागी, यंत्रापासून ६० मीटरवर, ९५ टक्के वेळ आवाज किती डेसिबलच्या आत राहतो. हे आकडे कागदावरच्या गणितातून येत नाहीत. यंत्र उघड्या मैदानात उभे करून, वारा आणि वीज यांच्या दीर्घकाळ केलेल्या नोंदींमधून ते काढले जातात. यंत्र महिनोन्‌महिने टिकते का, याचीही चाचणी होते. मग तिऱ्हाईत संस्था ते तपासून प्रमाणपत्र देते. अमेरिकेच्या कर विभागाने २०१५ मध्ये छोट्या पवनचक्कीवरील करसवलतीसाठी अशा मानकांची पूर्तता बंधनकारक केली, त्यामुळे प्रमाणपत्राला पैशांचेही वजन आले.

तीन यंत्रांची तुलना

अमेरिकेतील तीन प्रमाणित यंत्रांचे आकडे पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो.

स्कायस्ट्रीम ३.७ : व्यास ३.७ मीटर, ११ मीटर वाऱ्यात २.१ किलोवॅट, वर्षाला ३,४२० युनिट.
बर्गी एक्सेल १० : व्यास ७ मीटर, ८.९ किलोवॅट, वर्षाला १३,८०० युनिट.
बर्गी एक्सेल १५ : व्यास ९.६ मीटर, १५.६ किलोवॅट, वर्षाला २९,८०० युनिट.

‘एक्सेल १०’ आणि ‘एक्सेल १५’ ही नावे पाहिली, तर दुसरे यंत्र पहिल्याच्या दीडपट वाटते. प्रत्यक्षात त्याची वार्षिक वीज दुपटीहून जास्त आहे. कारण व्यास ७ वरून ९.६ मीटर झाला, की पात्यांचे क्षेत्र सुमारे ३८ वरून ७२ चौरस मीटरवर जाते. वार्षिक युनिटांना या क्षेत्राने भागले, तर दर चौरस मीटरला स्कायस्ट्रीम सुमारे ३१५, एक्सेल १० सुमारे ३६० आणि एक्सेल १५ सुमारे ४१० युनिट देते. यंत्रांच्या रचनेतला फरक आहे तो एवढाच. बाकी सगळा खेळ पात्यांच्या लांबीचा.

एकाच वाऱ्यात उभी केली तेव्हा काय झाले?

नेदरलँड्समधील झीलँड प्रांतात एप्रिल २००८ ते मार्च २००९ या काळात वेगवेगळ्या छोट्या पवनचक्क्या एकाच मैदानात रांगेने उभ्या करून वर्षभर मोजल्या गेल्या. तिथे त्या वर्षी सरासरी वारा सेकंदाला ४ मीटरहून थोडा कमी होता. ५ मीटर व्यासाच्या माँटाना यंत्राने २,६९१ युनिट दिले, तर स्कायस्ट्रीमने २,१०९. उभ्या अक्षावर फिरणाऱ्या, दिसायला देखण्या टर्बीने २४७ युनिट दिले. १ मीटर व्यासाच्या एनर्जी बॉलने वर्षभरात फक्त ७३ युनिट दिले, म्हणजे एका डच कुटुंबाच्या साधारण आठवडाभराच्या वापराइतके.

खर्चाची बाजू आणखी बोलकी आहे. स्कायस्ट्रीमचा खर्च १०,७४२ युरो होता, टर्बीचा २१,३५०. म्हणजे वर्षाला एक युनिट देणाऱ्या क्षमतेसाठी एका ठिकाणी सुमारे ५ युरो मोजावे लागले, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ८६. हा सतरापट फरक किंमत आणि किलोवॅट यांच्या तुलनेत दिसला नसता, तो वर्षाच्या युनिटांतच दिसतो.

माहितीपत्रकातला दावा घरबसल्या कसा तपासावा?

समुद्रसपाटीला सेकंदाला सरासरी ५ मीटर वारा असेल, तर एक चौरस मीटर क्षेत्रातून वर्षभरात अंदाजे १,२८० युनिट ऊर्जा वाहून जाते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी मांडलेल्या मर्यादेनुसार कोणतेही यंत्र यातली ५९.३ टक्क्यांहून अधिक घेऊ शकत नाही. म्हणजे कमाल सुमारे ७६० युनिट. प्रत्यक्षात चांगली छोटी यंत्रे ३०० ते ४०० युनिट घेतात.

समजा, दीड मीटर व्यासाच्या यंत्राबद्दल ‘११ मीटर वाऱ्यात १ किलोवॅट’ असा दावा आहे. त्या क्षेत्रातून (सुमारे १.७७ चौरस मीटर) त्या वेगाला जाणारी शक्ती सुमारे १.४४ किलोवॅट आणि बेट्झ मर्यादा सुमारे ०.८५ किलोवॅट. म्हणजे दावा निसर्गनियमातच बसत नाही. अशा यंत्राकडून ५ मीटर सरासरीच्या जागी वर्षाला ५०० ते ७०० युनिटांपलीकडे अपेक्षा ठेवू नये.

प्रमाणपत्र काय सांगत नाही?

प्रमाणपत्र यंत्राची तुलना करून देते, जागेची नाही. वार्षिक युनिटांचा आकडा मोकळा वारा आणि वर्षभर न बिघडता चाललेले यंत्र गृहीत धरून काढलेला असतो. सरासरी ५ ऐवजी ४ मीटर असेल, तर वाऱ्यातली ऊर्जा जवळपास निम्मी होते. म्हणून प्रमाणपत्राच्या सारांशात वेगवेगळ्या सरासरी वेगांसाठी दिलेला तक्ता पाहून आपल्या जागेचा आकडा निवडावा लागतो.

मनोऱ्याची उंची हाही तितकाच महत्त्वाचा भाग. पात्यांचे खालचे टोक १५० मीटर परिसरातल्या झाडा-इमारतींपेक्षा किमान ९ मीटर वर असावे, असा ढोबळ नियम आहे. छपरावर बसवलेल्या यंत्रांचे काय होते, हे ब्रिटनमधील वॉरिक चाचणीत दिसले. २००९ च्या अहवालानुसार इमारतींवरच्या २६ यंत्रांनी बंद पडलेला काळ धरून वर्षाला सरासरी फक्त ७८ युनिट वीज दिली. छपराजवळचा वारा मंद असतो आणि सारखा गिरक्या घेतो. यंत्र कितीही चांगले असले, तरी तिथे त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात काय लक्षात घ्यावे?

भारतात चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था पवनचक्क्यांच्या चाचण्या करते. तमिळनाडूतील कायथर येथे तिचे चाचणी केंद्र आहे. विक्रेत्याकडे तिचा किंवा अन्य मान्य संस्थेचा चाचणी अहवाल मागणे हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

महाराष्ट्रात वाऱ्याचा जोर मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये असतो. त्यामुळे वर्षाचे युनिट बारा महिन्यांत सारखे वाटून पाहिले, तर हिशेब चुकतो : पावसाळ्यात वीज उतू जाईल आणि हिवाळ्यात बॅटरी रिकामी राहील. सौर पॅनेलचे चक्र नेमके उलटे असल्याने महाऊर्जाने पवन आणि सौर एकत्र असलेल्या संचांवर भर दिला होता, त्यामागे हेच कारण आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या उंच पठारावर हवाही विरळ असते. त्याच वेगाच्या वाऱ्यातून समुद्रसपाटीपेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी ऊर्जा मिळते.

घेण्यापूर्वी काय विचारावे?

पात्यांचा व्यास किती? किलोवॅटचा आकडा कोणत्या वेगाला मोजला? ५ मीटर सरासरीला वर्षाचे युनिट किती आणि ते कोणी तपासले? आपल्या जागेची, त्या उंचीवरची सरासरी किती? मनोरा, बॅटरी, इन्व्हर्टर आणि देखभाल धरून एकूण खर्च किती? या खर्चाला आपल्या जागेच्या वर्षाच्या युनिटांनी भागले, की दोन यंत्रांची खरी तुलना एका ओळीत होते. आणि त्याच ओळीत सौर पॅनेलचाही आकडा मांडून पाहावा. बऱ्याच ठिकाणी पवनचक्की न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो आणि तो पैसे खर्च होण्याआधी कळलेला बरा.