एका फाईलीतला बदल कुठवर पोहोचतो?

मोठ्या संगणकीय खेळाचा सोर्स कोड शेकडो, कधी हजारो फाईलींत विभागलेला असतो. सी आणि सी++ या भाषांत कम्पायलर यातली प्रत्येक सोर्स फाईल स्वतंत्रपणे वाचतो आणि तिच्यापासून यंत्रभाषेतली एक ऑब्जेक्ट फाईल तयार करतो. अशा सगळ्या ऑब्जेक्ट फाईली जोडून लिंकर शेवटी चालता प्रोग्रॅम बनवतो. एखादी सोर्स फाईल बदलली, की तेवढीच पुन्हा कम्पाईल करायची आणि बाकीच्या ऑब्जेक्ट फाईली आहेत तशा वापरायच्या, हा या विभागणीचा मोठा फायदा. दिवसातून अनेकदा खेळ चालवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमरचा बराच वेळ त्यामुळे वाचतो.

पण बदल नेमका कोणाकोणाला लागू होतो, हे त्यासाठी अचूक ठाऊक असावे लागते. सोर्स फाईली वेगळ्या असल्या तरी सुट्या नसतात. खेळाडू, राक्षस, नकाशा यांच्या माहितीची मांडणी हेडर फाईलींत लिहिलेली असते आणि ‘इन्क्लूड’ या सूचनेने ती अनेक सोर्स फाईलींत ओढून घेतली जाते. एका हेडरमध्ये दुसरे, दुसऱ्यात तिसरे, अशी साखळी लांबत जाते. कोणती ऑब्जेक्ट फाईल कोणकोणत्या फाईलींवर अवलंबून आहे, याची यादी ठेवणे म्हणजे अवलंबित्वांचा मागोवा. यादीत एक नाव जास्त असले तर थोडा वेळ फुकट जातो. एक नाव कमी असले तर चुकीचा प्रोग्रॅम तयार होतो, आणि तो चुकीचा आहे हे कोणीच सांगत नाही.

‘मेक’चा नियम

या कामासाठीचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे ‘मेक’. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्याला निमित्त झाले ते सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांच्या वैतागाचे. जॉन्सन यांची एक सकाळ दोष शोधण्यात वाया गेली होती. दोष आधीच दुरुस्त झाला होता, पण ती फाईल पुन्हा कम्पाईल करायची राहिली होती आणि जुनीच ऑब्जेक्ट फाईल प्रोग्रॅममध्ये जोडली जात होती. याच कामासाठी फेल्डमन यांना पुढे २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

‘मेक’चा नियम सोपा आहे. ‘मेकफाईल’मध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलीपुढे ती कशावर अवलंबून आहे ते लिहायचे. त्यातली एखादी फाईल ऑब्जेक्ट फाईलीपेक्षा नंतर बदललेली दिसली, की ‘मेक’ ती ऑब्जेक्ट फाईल पुन्हा बनवते. तुलना फक्त तारीख-वेळेची होते, फाईलीत काय आहे हे पाहिले जात नाही. त्यामुळे सगळी भिस्त यादीवर असते.

‘डूम’चे उदाहरण

यादी अपुरी असली तर काय होते, ते ‘डूम’च्या कोडवरून नेमके पाहता येते. इड सॉफ्टवेअरचा हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि त्याच्या लिनक्स आवृत्तीचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला. त्यात सुमारे साठ सी फाईली आहेत. सोबतच्या मेकफाईलमध्ये त्या सगळ्यांसाठी एकच सर्वसाधारण नियम आहे: ऑब्जेक्ट फाईल आपल्या सी फाईलीवर अवलंबून आहे. हेडर फाईलींचा त्यात उल्लेखच नाही. अवलंबित्वांची ही व्यवस्था फारशी प्रगत नसल्याचे मेकफाईलमधल्या एका टिपणीतच नोंदवलेले आहे.

‘पी_मॉबजे.एच’ या हेडरमध्ये खेळातल्या प्रत्येक हलत्या वस्तूची मांडणी आहे. तिच्यात ‘फ्लॅग्ज’ हा पूर्णांक, त्याला लागून ‘हेल्थ’ म्हणजे उरलेली ताकद आणि त्यानंतर ‘मूव्हडिर’ म्हणजे चालण्याची दिशा, असा क्रम आहे. हे हेडर ‘डी_प्लेयर.एच’मध्ये ओढलेले आहे, ते ‘डूमस्टॅट.एच’मध्ये, आणि ‘डूमस्टॅट.एच’ अनेक सी फाईलींत.

समजा, राक्षसाला विषबाधा व्हावी म्हणून कोणी ‘फ्लॅग्ज’ आणि ‘हेल्थ’ यांच्या मध्ये एक नवा पूर्णांक घातला आणि तो वापरण्यासाठी ‘पी_मॉबजे.सी’मध्ये चार ओळी लिहिल्या. ‘मेक’ला एकच सी फाईल बदललेली दिसते, म्हणून ती तेवढीच पुन्हा कम्पाईल करते. कम्पायलरची तक्रार येत नाही आणि लिंकरचीही नाही, कारण यंत्रभाषेत ‘हेल्थ’ हे नाव उरतच नाही. उरते ते फक्त वस्तूच्या सुरुवातीपासून ‘हेल्थ’पर्यंतचे बाइटमधले अंतर. नव्या ‘पी_मॉबजे.सी’साठी हे अंतर चार बाइटांनी वाढलेले असते, बाकीच्या सगळ्या फाईलींसाठी जुनेच राहते. कचेरीतल्या नोंदवहीत मध्येच एक रकाना वाढवला आणि एक सोडून बाकी सगळे कारकून जुन्याच क्रमाने वाचत राहिले, तर जसा घोळ होईल तसाच हा.

आता खेळ चालवला तर काय घडेल? राक्षस निर्माण करणारे फंक्शन ‘पी_मॉबजे.सी’मध्ये आहे. ते वस्तूची सारी जागा आधी शून्याने भरते आणि मग राक्षसाची ताकद नव्या जागी लिहिते. इजा पोहोचवणारे फंक्शन ‘पी_इंटर.सी’मध्ये आहे. ते ताकद जुन्या जागी वाचते, आणि तिथे आता नवा, शून्य असलेला रकाना आहे. ताकद शून्य किंवा त्याहून कमी असेल तर समोरचा आधीच मेलेला आहे असे समजून हे फंक्शन काहीही न करता परत फिरते. त्यामुळे गोळी लागते, रक्त उडालेले दिसते, पण राक्षस मरत नाही. तिकडे ‘पी_एनिमी.सी’ चालण्याची दिशा म्हणून जो आकडा लिहिते, तो खऱ्या ताकदीच्या जागी जाऊन पडतो. कोडच्या प्रत्येक ओळीत तर्क बरोबर आहे, तरी खेळ चुकतो. असा दोष सोर्स वाचून सापडत नाही. सगळ्या ऑब्जेक्ट फाईली पुसून पुन्हा कम्पाईल केल्या, की तो नाहीसा होतो.

यादी कोणी करायची?

पहिला मार्ग म्हणजे हेडरची नावे हाताने लिहिणे. तो टिकत नाही, कारण प्रत्येक नव्या ‘इन्क्लूड’सोबत मेकफाईलही बदलायची आठवण ठेवावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे सोर्स फाईली वाचून ‘इन्क्लूड’च्या ओळी टिपणारे वेगळे साधन. एक्स विंडो प्रणालीसोबतचे ‘मेकडिपेंड’ आणि पर्फोर्सचे ‘जॅम’ ही त्याची उदाहरणे. पण सी भाषेत काही ओळी अटीवर लागू होतात. ‘डूम’च्या ‘डब्ल्यू_वॅड.सी’मध्ये काही हेडर ‘नॉर्मलयुनिक्स’ हे नाव व्याख्यित असेल तरच ओढले जातात, आणि ते नाव कम्पायलरला आज्ञेतून दिले जाते. ‘जॅम’सारख्या केवळ मजकूर शोधणाऱ्या साधनाला अशी अट तपासता येत नाही. मॅक्रोमधून तयार होणारे फाईलीचे नाव तर त्याच्या हाती लागतच नाही.

खरी यादी कम्पायलरकडेच असते, कारण प्रत्येक हेडर प्रत्यक्ष उघडतो तोच. म्हणून जीसीसी आणि क्लँग या कम्पायलरांत ‘-एमडी’ हा पर्याय आहे. तो दिला, की कम्पायलर ऑब्जेक्ट फाईल बनवता बनवता वाचलेल्या प्रत्येक फाईलीचे नाव एका छोट्या अवलंबित्व-फाईलीत लिहून ठेवतो. ‘-एमएमडी’ दिला तर सिस्टिमची हेडर वगळली जातात. मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर हीच माहिती ‘शोइन्क्लूड्ज’ या पर्यायाने पडद्यावर छापतो.

यादी कम्पाईल झाल्यावर हाती येते, मग कम्पाईल करायचे की नाही हे आधी कसे ठरवायचे? पहिल्या वेळी ऑब्जेक्ट फाईलच नसते, त्यामुळे कम्पाईल करावेच लागते आणि यादीची गरज पडत नाही. पुढच्या वेळी मागची यादी पुरते. नवे हेडर साखळीत यायचे तर ते ओढणारी ओळ आधीच यादीत असलेल्या कोणत्या तरी फाईलीत लिहावी लागेल. ती फाईल बदलली, की पुन्हा कम्पाईल होणार आणि यादीही ताजी होणार. म्हणजे जुनी यादी जेव्हा बदलायला हवी, तेव्हा ती बदलण्याचे कारणही तिच्यातच नोंदलेले असते.

या तर्काला काही अपवाद आहेत. एखादे हेडर काढून टाकले, तर यादीत नाव असूनही फाईल सापडत नाही आणि ‘मेक’ अडून बसते. जीसीसीचा ‘-एमपी’ पर्याय त्यासाठीच आहे. दुसरा अपवाद जास्त फसवा आहे. कम्पायलर हेडर अनेक फोल्डरांत ठरलेल्या क्रमाने शोधतो. आधीच्या फोल्डरात त्याच नावाची नवी फाईल आली, तर यापुढे तीच घ्यायला हवी, पण जुन्या यादीत तिचा पत्ता नसतो. कम्पायलर सापडलेल्या फाईली नोंदवतो, शोधूनही न सापडलेल्या जागा नोंदवत नाही. तिसरा अपवाद यंत्राने लिहिलेल्या हेडरांचा. खेळ बनवण्यासाठीच्या अनरियल इंजिनमध्ये ‘अनरियल हेडर टूल’ मूळ हेडर वाचून नवी हेडर तयार करते. ती कम्पाईलपूर्वी अस्तित्वात हवीत, म्हणून हा क्रम वेगळा सांगावाच लागतो.

वेग आणि अचूकपणा

यादी अचूक झाली, की तिचा आकार महत्त्वाचा ठरतो. सगळ्यांनी एकच भलेमोठे हेडर ओढले, तर त्यातल्या एका बदलाने सारा खेळ पुन्हा कम्पाईल होतो. अनरियल इंजिनने २०१७ मध्ये ‘जे वापरता तेच ओढा’ हे धोरण स्वीकारले, त्यामागे हेच कारण होते. उलट, अनेक सोर्स फाईली एकत्र जोडून कम्पाईल करणाऱ्या ‘युनिटी बिल्ड’मध्ये पूर्ण बांधणी वेगाने होते, पण एका फाईलीतल्या बदलापायी शेजारच्या फाईलीही पुन्हा कम्पाईल होतात.

गूगलच्या क्रोमसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेले ‘निंजा’ हे साधन कम्पायलरच्या याद्या एका आटोपशीर बायनरी नोंदीत साठवते, त्यामुळे पुढच्या वेळी हजारो छोट्या फाईली वाचाव्या लागत नाहीत. कम्पायलरला दिलेली आज्ञा बदलली तरी ते ऑब्जेक्ट फाईल पुन्हा बनवते, कारण पर्याय बदलले की निकालही बदलतो. ‘स्कॉन्स’ हे बांधणीचे साधन तारखेऐवजी मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश, तपासू शकते. कोडच्या एका शाखेतून दुसरीत जाऊन परत आल्यावर तारखा बदलतात, मजकूर तोच राहतो. अशा वेळी हॅशमुळे निरर्थक काम वाचते.

खेळांत शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅमही असतात. तेही ‘इन्क्लूड’ वापरतात आणि एकाच शेडरची असंख्य रूपे बनतात. म्हणून अनरियल इंजिन शेडर फाईल आणि तिने ओढलेल्या सर्व फाईलींचा मिळून हॅश काढते. तो बदलला नसेल, तर साठवलेला निकाल वापरते.

मॉड्यूलमुळे बदललेला क्रम

सी++२० मधल्या, हेडर ओढण्याऐवजी आयात करता येणाऱ्या मॉड्यूलांनी या व्यवस्थेपुढे नवा प्रश्न आणला. मॉड्यूल आयात करणारी फाईल कम्पाईल होण्याआधी ते मॉड्यूल कम्पाईल झालेले असावे लागते. आधी कम्पाईल करून मग यादी घेणे इथे चालत नाही, पहिल्याच वेळी क्रम माहीत हवा. त्यासाठी आधी फक्त आयातींचा शोध घेण्याची एक फेरी होते आणि तिचा निकाल ठरावीक स्वरूपात बांधणीच्या साधनाला दिला जातो. ‘सीमेक’ या बांधणीच्या साधनाच्या ३.२८ या आवृत्तीपासून ही पद्धत ‘निंजा’सोबत वापरता येते. क्लँगकडे त्यासाठी ‘क्लँग-स्कॅन-डेप्स’ हे स्वतंत्र साधन आहे आणि ते क्लँगच्याच प्रीप्रोसेसरने फाईली वाचते. यादीची वेळ बदलली, पण ती फाईली खरोखर वाचणाऱ्याकडूनच घ्यायची हा नियम मॉड्यूलांतही कायम राहिला.