गिटारवर हार्मनी लीड ऐनवेळी कशी सुचते? मोबाईललाच बनवा जोडीदार

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं तुम्ही एकदा तरी ऐकलंच असेल. ईगल्स या अमेरिकन बँडचा याच नावाचा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला. गाण्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आलटून पालटून सोलो वाजवतात आणि मग दोन्ही गिटार एकत्र येतात. चाल एकच वाटते, पण सूर दोन ऐकू येतात. यालाच हार्मनी लीड म्हणतात.

पाठ केलेली हार्मनी वाजवणं तसं सोपं आहे. व्हिडिओ बघायचा, बोटं बसवायची, झालं. पण जोडीदाराने ऐनवेळी काहीतरी नवीन वाजवलं आणि त्यावर आपल्याला लगेच दुसरा सूर धरता आला, तर खरी मजा! हे कसं शिकायचं, ते आज आपण सोप्या भाषेत पाहणार आहोत.

मी गोंदियात राहतो. माझा गिटारचा एकुलता एक जोडीदार इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला. त्यामुळे पुढे सांगतोय ते सगळं एक गिटार आणि एक मोबाईल एवढ्यावर करून पाहिलेलं आहे.

साथ आणि हार्मनी, दोन्ही वेगळ्या गोष्टी

आपल्या कानाला सवय असते साथीची. भजनी मंडळात पेटीवाला गायकाच्याच सुरांवरून बोटं फिरवतो. आपल्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर रात्रभर नाटकं रंगतात, तिथेही ऑर्गन गाणाऱ्याचा माग काढत चालतो. आरतीला बाया आणि माणसं एकत्र गातात, तेव्हा आवाज एक सप्तक वर-खाली असतात, पण सूर तेच असतात. ही झाली साथ.

हार्मनीत दुसरा माणूस त्याच लयीत, त्याच वळणाने चालतो, पण वेगळ्या सुरांवरून. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत हे आणण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर काम करणारे सेबास्टियन डिसोझा तर त्यासाठी खास ओळखले जातात. पुढच्या वेळी जुनं गाणं लागलं की गायकाचा आवाज थोडा बाजूला ठेवा आणि मागची व्हायोलिन्स ऐका.

दुसरा सूर कसा शोधायचा?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा नियम असा: मूळ सुरापासून मोजत तिसऱ्या सुरावर जा. सा वाजला तर सा, रे, ग म्हणजे ग. रे वाजला तर म. ग वाजला तर प. मोजताना मूळ सूर धरायचा, हे लक्षात ठेवा.

आता इथेच बरेच जण अडकतात. सा पासून ग चार फ्रेट वर आहे. मग प्रत्येक सुराला चार फ्रेट वर गेलं की झालं, असं वाटतं. पण रे पासून चार फ्रेट वर तीव्र म येतो आणि ग पासून चार फ्रेट वर कोमल ध. शुद्ध स्वरांच्या गाण्यात हे दोन्ही सूर कानाला खटकतात. म्हणजे मोजायचं ते सप्तकातल्या सुरांवर, फ्रेटवर नाही.

पेटीवरची पांढरी एक, म्हणजे गिटारचा सी, आपण सा धरू. मूळ चाल दुसऱ्या तारेवर आणि हार्मनी पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर वाजवू:

सा: दुसरी तार १, पहिली तार मोकळी (ग)
रे: दुसरी तार ३, पहिली तार १ (म)
ग: दुसरी तार ५, पहिली तार ३ (प)
म: दुसरी तार ६, पहिली तार ५ (ध)
प: दुसरी तार ८, पहिली तार ७ (नी)
ध: दुसरी तार १०, पहिली तार ८ (सां)
नी: दुसरी तार १२, पहिली तार १० (रें)

दोन्ही तारा एकदम छेडा, एकट्याच्या गिटारवर हार्मनी ऐकू येईल. नीट बघा, सा, म आणि प या तीन सुरांना पहिल्या तारेवरचा आकडा एकाने कमी आहे. बाकी चारांना दोनाने कमी. बोटांचे आकार फक्त दोनच! आठवडाभर हे वर-खाली वाजवा. पण एक अट: वरचा सूर वाजवायच्या आधी तो गुणगुणून बघा. गळ्यातून निघाला तरच तो कानात बसला असं समजा.

लांब सूर आला की कॉर्डकडे बघा

तिसरा सूर नेहमीच गोड लागतो असं नाही. मागे सी मेजर कॉर्ड वाजतेय, म्हणजे सा, ग, प. चाल प वर येऊन थांबली. नियमाप्रमाणे हार्मनी नी वर जाईल. नी या कॉर्डमध्ये नाही, त्यामुळे वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. तिथे वरचा सां धरा, सगळं जागेवर येतं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. धावते, छोटे सूर असतील तर तिसरा सूर बिनधास्त वाजवा. चाल जिथे थांबते, तिथे कॉर्डमधला जवळचा सूर धरा. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी दोन्ही गिटार कॉर्डच्याच सुरांवर फिरतात आणि कॉर्ड बदलली की दोघेही एकदम सरकतात. म्हणून तो भाग एवढा घट्ट वाटतो.

मग ऐनवेळी सुचणार कसं?

खरं सांगायचं तर जोडीदार पुढे काय वाजवणार हे आधी कळायचा काही मार्ग नाही. मग ऐनवेळी हार्मनी जमते कशी? जोडीदार वाक्य छोटं ठेवतो आणि पुन्हा वाजवतो. पहिल्यांदा आपण फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा सोबत जायचं. बस, एवढंच गुपित आहे. याचा सराव मोबाईलवर असा करा:

१. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा. सी, ए मायनर, एफ, जी या चार कॉर्ड प्रत्येकी चार ठोके वाजवून रेकॉर्ड करा. एकूण १६ ठोके, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन आणि बरोबर १६ सेकंद. हे लूपवर टाका.

२. दुसऱ्या ट्रॅकवर एका आवर्तनात छोटी चाल वाजवा आणि पुढच्या आवर्तनात तीच चाल परत वाजवा. अशा दहा चाली भरा. सुरुवातीला फक्त सा, रे, ग, प, ध हे भूपाचे पाच सूर घ्या. हार्मनी मोजताना मात्र सातही सूर मोजा.

३. आता फाईल दोन-तीन दिवस उघडूच नका. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. काय वाजवलं होतं ते विसरलात की मोबाईलमध्ये बसलेला वादक तुमच्यासाठी परका होतो.

४. मग फाईल लावा. पहिल्या आवर्तनात गिटारला हात लावायचा नाही. दुसऱ्या आवर्तनात फक्त शेवटच्या लांब सुराला हार्मनी द्या. ते जमलं की शेवटचे दोन सूर, मग चार, मग पूर्ण चाल.

शेवटाकडून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. चाल कुठे थांबते ते कानात सगळ्यात जास्त राहतं, आणि शेवट जुळला की मधली एखादी चूक ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मोबाईलची सेटिंग: ब्लूटूथ बाजूला ठेवा

रेकॉर्डिंगसाठी आयफोनवर गॅरेजबँड आहे. बँडलॅब अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. दोन्ही फुकटात सुरू करता येतात. पण ॲपपेक्षा महत्त्वाचा आहे इअरफोन.

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज आधी कॉम्प्रेस होतो, मग हवेतून जातो आणि मग पुन्हा उलगडतो. यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. यालाच लेटन्सी म्हणतात. सिनेमा बघताना ती जाणवत नाही, कारण ॲप चित्रसुद्धा तेवढंच उशिरा दाखवतं. वाजवताना मात्र पळवाट नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुमचा जोडीदार ५० मीटर लांब, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभा राहून वाजवतोय! त्याच्याबरोबर ताल कसा जुळणार?

म्हणून वायरचा साधा इअरफोन घ्या. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा इअरफोन किंवा कन्व्हर्टर चालतो. इअरफोन न लावता स्पीकरवर वाजवलंत तर जुना ट्रॅकही माइकमध्ये शिरतो. वायर लावूनही नवीन ट्रॅक थोडा मागे पडला तर ॲपमध्ये तो बोटाने धरून पुढे सरकवा. आणि नॉइज रिडक्शन असेल तर बंद करा. ते गिटारचा रेंगाळणारा सूर गोंगाट समजून कापून टाकू शकतं.

व्हिडिओ कॉलवर एकत्र का वाजवता येत नाही?

पुण्याच्या मित्राबरोबर मी हा प्रयोग केलाय. अंतर एक हजार किलोमीटर धरलं तरी फायबरमधून प्रकाश ते ५ मिलिसेकंदांत कापतो. मग अडतं कुठे? आवाज कॉम्प्रेस होतो, त्याचे तुकडे पडतात, ते वेगवेगळ्या ठिकाणांहून फिरत येतात आणि उशिरा येणाऱ्या तुकड्यांची फोन थोडी वाट बघतो. सगळं मिळून ताल मोडायला पुरेसं होतं. वर कॉलिंग ॲप बोलण्यासाठी बनलेलं असतं, संगीताला ते मधूनच दाबून टाकतं.

आता आम्ही फाईल पाठवतो. तो न सांगता चाल भरतो, मी पहिल्यांदा ऐकतानाच दुसऱ्या आवर्तनात हार्मनी वाजवून परत पाठवतो. दोघांनी एकच नियम पाळायचा: पहिला टेकच पाठवायचा, सुधारून नाही.

हार्मनी देणारं ॲप आहे की, मग शिकायचं कशाला?

प्रश्न बरोबर आहे. इव्हेंटाइड कंपनीचं एच९१० हे हार्मनायझर यंत्र १९७५ मध्ये आलं. ते आवाज ठरावीक अंतराने वर-खाली करायचं, म्हणजे वर पाहिलेली ‘सगळीकडे चार फ्रेट’वाली अडचण तशीच. आजचे हुशार पेडल आणि ॲप सप्तक सांगितलं की तिसरा सूर बरोबर काढतात. स्टेजवर एकटे असाल तर जरूर वापरा. पण साधा पेडल फक्त तुमच्याच गिटारच्या मागे चालतो. समोर कीबोर्डवाला असेल, गाणारी मुलगी असेल, बासरी असेल, तर त्यांच्या सुराला दुसरा सूर तुम्हालाच द्यावा लागतो. आपल्यासारख्या छोट्या शहरात दुसरा गिटारवाला मिळेलच असं नाही, पण गाणारे गल्लोगल्ली आहेत.

तेव्हा एक महिना रोज वीस मिनिटं द्या. पहिला आठवडा दोन तारांचा सराव, दुसरा आठवडा फक्त शेवटचा सूर, तिसरा आठवडा पूर्ण चाल. चौथ्या आठवड्यात मोबाईल बंद करून घरात कुणालाही गुणगुणायला सांगा. आईला, ताईला, कुणालाही. आधी त्यांचा सा गिटारवर शोधा, एक ओळ ऐका, आणि ती ओळ परत आली की सोबत वाजवा.